काकांची खोटी उत्तरं

काकांचं कुलपांचं दुकान होतं, त्यामुळे जगात चोरांशिवाय दुसरं कुणी राहतं यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. घरच्या जुन्या कॉम्प्युटरलाही त्यांनी असं काही कुलूप घातलं होतं, की जणू आत सोन्याच्या विटा असाव्यात. होते काय, तर त्यांच्या बायकोच्या, म्हणजे मावशीच्या, पडद्यांचे नमुने. आणि एकच मौल्यवान गोष्ट: मावशीच्या वारलेल्या ताईचा रेकॉर्ड केलेला आवाज.

हा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. फोनवर ठेवू म्हटलं, तर फोन चोरीला जातो. इंटरनेटवर ठेवू म्हटलं, तर ते परक्याचं घर. मावशीने वाद घालणं कधीच सोडून दिलं होतं.

आज ताईची लेक परदेशी निघाली होती. जाण्याआधी आईचा आवाज ऐकायला ती येऊन बसली, आणि नेमका काकांना पासवर्ड आठवेना. दोनदा चुकल्यावर पडद्यावर लाल अक्षरं आली: आता फक्त काकांनीच घालून ठेवलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं द्या. एक जरी चुकलं, तर आतलं सगळं पुसलं जाईल.

"चोराला काही मिळू नये म्हणून मीच तशी सोय केली होती," काका पुटपुटले.

"चोर जाऊ द्या. उत्तरं काय दिलीत?" मावशीने विचारलं.

"खोटी. खरी उत्तरं कुणालाही माहीत असतात."

"आणि खोटी?"

"ती... मलाही आठवत नाहीत."

भाचीचा चेहरा पडला. ताई जाऊन इतकी वर्षं झाली, आता या माणसाच्या हुशारीपायी ती पुन्हा जाणार होती. मावशीने काकांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. नवऱ्याच्या थापा तिला तोंडपाठ होत्या. नव्या थापा सुचतील इतकी त्यांची अक्कल चालत नसे, हेच काय ते नशीब.

पहिला प्रश्न: लहानपणी कशात पटाईत होतात?

काका गुडघाभर पाण्यापलीकडे कधी गेले नव्हते, पण गिऱ्हाइकांना मात्र नदी पार केल्याचं सांगायचे. मावशीने लिहिलं: पोहण्यात. चाललं!

दुसरा प्रश्न: तुम्ही कुणाला घाबरता?

भाचीने पटकन मावशीकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघू लागले.

"मावशी, खरं उत्तर तर साऱ्या गल्लीला माहीत आहे," भाची हळूच म्हणाली.

"म्हणूनच ते नसणार." मावशीने एकेक अक्षर दाबत लिहिलं: कुणालाच नाही.

कॉम्प्युटर क्षणभर घुटमळला आणि उघडला. मावशीने फाइल लावली. आधी भांडी वाजल्याचा आवाज आला, मग ताईचा, अगदी शेजारी बसून बोलावं तसा:

"काय भाऊजी, बायको बाहेर गेलीय वाटतं? आज आवाज फारच मोठा निघतोय तुमचा!"

आणि तिचं ते खळखळून हसणं. भाची हसता हसता रडायला लागली. मावशीनेही डोळ्यांना पदर लावला. ताई अजून तशीच वात्रट होती.

ऐकून झाल्यावर भाचीने फोन काढला. "मावशी, माझ्याकडे घेऊ का हे?"

काकांनी तोंड उघडलं. मावशीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"घे की," काका म्हणाले, "दोन-दोनदा घे."