भिंतीतला स्पीकर

आमच्या ग्रेंज हॉलमध्ये, म्हणजे शेतकरी संघाच्या सभागृहात, रविवारी दुपारी चौकडीचा नाच असतो. चार जोड्या चौकोन करून उभ्या राहतात आणि मर्ल माईकवर पुकारतो तसे सगळ्यांचे पाय पडतात. जोडी बदला, डावा हात धरा, घरी या, म्हणजे आपापल्या जागी परत. पुकारा ऐकू आला नाही की चौकडी फुटते आणि आठ म्हातारी माणसं एकमेकांवर आदळतात.

या हिवाळ्यात भिंतीकडच्या चौकड्या सारख्या फुटत होत्या. मर्लला वाटलं, आपला आवाज गेला. कॉफी ओतताना तो मला म्हणाला, "ओरिन, आज एक जरी चौकडी फुटली ना, तर मी माईक ठेवला. गुरं विकली, शेत लेकीला दिलं. आता हेही संपवतो."

त्याच्यानंतर पुकारणारं आमच्याकडे कोणी नव्हतं. नाच थांबला असता, तर रविवारी आम्ही सगळे आपापल्या घरी खिडकीतून बर्फ बघत बसलो असतो.

मी शेजारच्या वर्नाबरोबर उजव्या भिंतीशी उभा राहिलो. नाच सुरू झाला.

"काय म्हणाला रे तो?" वर्नाने विचारलं.

"डावा हात."

"छे! मला नुसतं घूं घूं ऐकू आलं. याच्या तोंडात बोळा कोंबलाय का कोणी?"

ती उजवीकडे गेली, मी डावीकडे. चौकडी फुटली. मर्लने व्हायोलिनच्या गाण्याची तबकडी बंद केली. "बास झालं, मंडळी," तो माईकवर म्हणाला, "आता जमत नाही."

त्याला थांबवायला मी हॉलच्या मधून मंचाकडे निघालो होतो. त्यामुळे ते शब्द मला स्वच्छ ऐकू आले, अगदी 'जमत नाही'तल्या दमलेल्या श्वासासकट. मी बाजूला सरकलो. "बोल की रे अजून काहीतरी," मी ओरडलो. तो वैतागून बोलला, पण कडेला फक्त घुमणं पोहोचलं. पुन्हा मध्ये आलो तर पुन्हा शब्द.

"बघा, हा आता एकटाच नाचतोय," वर्ना म्हणाली.

कोपऱ्यांतल्या स्पीकरच्या दोन पेट्या सारख्या पायात यायच्या, म्हणून मर्लने नोव्हेंबरमध्ये त्या काढल्या होत्या. मंचामागच्या फळ्यांच्या भिंतीला गोल भोक पाडून एकच मोठा स्पीकर तिच्यात सपाट बसवला होता. त्या कामाचा त्याला फार अभिमान होता. स्वतः तो भिंतीला लागून एका बाजूला उभा राहायचा, त्यामुळे त्याला काही कळायचं नाही.

दोष भिंतीचा आहे का ते बघायला आम्ही स्क्रू काढून स्पीकर बाहेर ओढला आणि वायरवर तसाच लोंबता ठेवला. मर्ल बोलला. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, किरटा.

"हे कोण लेकरू रडतंय?" मर्लने विचारलं. तो हसला नाही.

भिंत नसली की स्पीकरच्या पाठीमागून निघालेला जाड आवाज वळून पुढे येतो आणि पुढच्याला खातो. भिंतीत बसवला की जाड आवाज चहूकडे पसरतो, पण शब्दांची धार नाकासमोर सरळ जाते, कडेला वळत नाही. इतकं आम्हाला स्पीकर आत-बाहेर करताकरता कळलं. जुन्या पेट्या तर भंगारात गेल्या होत्या. मर्लने स्पीकर पुन्हा भोकात बसवला. "मग काय उपयोग?" तो म्हणाला.

वर्ना हॉलच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "उपयोगाचं नंतर बघू. या सगळे इकडे! भिंतीला काय चिकटलाय, ती काय पडतेय? एकामागे एक चौकड्या लावा."

माणसं खुरडत आली. तीन चौकड्या झाल्या. दारापासून मंचापर्यंत, मधल्या पट्ट्यात, सगळे मावले.

मर्लने माईक उचलला. "मागच्यांनो, ऐकू येतंय का?"

"येतंय रे बाबा, पुकार आता," मागून कोणीतरी म्हणालं, "गुडघे गार पडले."

त्याने पुकारलं. पहिली फेरी पार पडली, दुसरीही पार पडली. एकही चौकडी फुटली नाही. एकेकाळी चौकड्यांनी भरून जाणारी दोन्ही बाजूंची जमीन रिकामी होती. वळताना प्रत्येकाची नजर तिकडे जात होती आणि पाय पुढच्या पुकाऱ्यावर पडत होते.