पडद्याकडे पाठ

आमच्या नव्या व्हिडिओ गेमचा ट्रेलर आम्ही प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीच इंटरनेटवर टाकला. त्यामुळे स्टॉल उघडला तेव्हा तिथे जाहीर करण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

"वरातीमागून घोडं," शेवटच्या दिवशी सकाळी मामा म्हणाला. कंट्रोलरची वायर तो टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने बसवत होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आमचा प्रोग्रामर, आणि बाबा गेल्यापासून कंपनीतला माझा एकमेव भागीदार. "तीन लाख लोकांनी घरबसल्या बघितलंय. इथे काल दिवसभरात दोनशे आले. त्यातले निम्मे बसायला खुर्ची आहे का विचारायला."

खुर्ची नव्हती. बाबांच्या स्टॉलवर खेळणाऱ्याला ती कधीच मिळाली नाही. उभ्याने खेळताना पाय दुखायला लागतात. ते दुखतायत हे माणूस किती वेळ विसरतो, त्यावरून गेम जमलाय की नाही ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. स्वतःसाठी ते एक बुटकं लाकडी स्टूल आणत. ते पडद्याकडे पाठ करून ठेवत आणि दिवसभर लोकांचे पाय बघत बसत. लहानपणी मला याची लाज वाटायची. पुढे मी वाद घालायला लागले. एका व्हिडिओत लाखो लोकांपर्यंत पोचता येत असताना चार दिवस खपून फळ्या कशाला उभ्या करायच्या? बाबा उत्तर देत नसत. स्क्रू-ड्रायव्हर मागत.

त्यांना जाऊन पाच महिने झाले होते. या वर्षीची जागा त्यांनीच पक्की करून ठेवली होती, म्हणून आम्ही आलो होतो. पुढच्या वर्षी यायचं नाही हे मी ठरवूनच आले होते. इथला नियम कडक आहे. शेवटच्या दिवशी चार वाजेपर्यंत पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर सही केली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्याकडे जाते आणि तुम्ही यादीच्या तळाशी. बाबांनी एकोणीस वर्षं न चुकता सही केली, तेव्हा कुठे जिन्याजवळचा हा कोपरा हाती लागला होता. आज शेवटचा दिवस होता. मामाचं मतही माझ्यासारखंच होतं. फक्त सकाळपासून त्याने तीनदा विचारलं होतं, "नक्की ना?"

दरवर्षी येणारे लोक येत होते. "ते स्टूलवाले कुठायत?" असं विचारत होते.

"या वर्षी आले नाहीत," मी सांगत होते. बाबांची बातमी आम्ही कंपनीच्या पानावर टाकली होती. नऊशे लोकांनी खाली दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. तेच पुन्हा तोंडाने सांगायची गरज मला वाटत नव्हती.

दोनच्या सुमारास माझेच पाय बोलायला लागले. स्टूल मामाने सवयीने आणलं होतं आणि सवयीनेच त्याच्या जागी ठेवलं होतं. मी बसले. तिथून पडदा दिसत नाही. बूट आणि चपला दिसतात.

समोर पांढरे कॅनव्हासचे बूट होते, नर्स घालतात तसे. बाई बहुधा ड्यूटी संपवून आल्या होत्या, तरी दहा मिनिटं एका पायावर भार देऊन आरामात उभ्या होत्या. मग एकदम दोन्ही पाय फाकले आणि अर्धं पाऊल मागे सरकले. त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला. "छान आहे," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्यानंतर तपकिरी बूट आले. तेही काही वेळाने फाकले, मागे सरकले. "मस्त आहे." तिसऱ्या वेळी मी मान वळवून पडदा बघितला.

झुलता पूल होता. गेममध्ये एक बाई डोंगरातून टपाल पोचवते. तिसरं पत्र या पुलापलीकडे द्यायचं असतं. ट्रेलरमध्ये सगळ्यात जास्त कौतुक याच पुलाचं झालं होतं.

"मामा, पूल किती हलतोय हा?"

"तू सांगितलास तेवढा. आधीच्या दुप्पट. त्याच्याबरोबर सगळा देखावाही डोलतो."

"ते ट्रेलरसाठी सांगितलं होतं."

मामाचा हात थांबला. "मग खेळताना कमी ठेवायचा होता होय?"

"तू इथे ये. बस."

"एकदा खाली बसलो की मला उठवायला क्रेन लागेल."

"बस रे."

तो बसला. पाच माणसं खेळून गेली. पाचही जण पुलावर मागे सरकले आणि पाचांनीही जाताना छान म्हटलं. सहाव्याने कपाळ चोळलं.

"लोकांना गरगरतंय," मामा म्हणाला. "भावोजी असते तर कालच बोंबलले असते."

"ते बोंबलत नसत."

"नाही. स्क्रू-ड्रायव्हर मागायचे. तरी हे ऑफिसात माणसं बोलावूनही कळलं असतं. त्यासाठी प्रदर्शन कशाला?"

"बोलावली होती की. वीस जण."

"मग?"

"खुर्च्या दिल्या होत्या आपण."

गेम बाजारात यायला सहा आठवडे होते. पूल दुरुस्त करायला तेवढे पुरेसे होते. तीन लाखांतल्या एकानेही काही लिहिलं नव्हतं, पण त्यात त्यांची चूक नव्हती. बघणाऱ्याला पूल सुंदरच दिसतो.

चारला वीस मिनिटं कमी असताना मी नोंदणीच्या टेबलाशी गेले. मामाने चौथ्यांदा काही विचारलं नाही. पुढच्या वर्षीही ट्रेलर आदल्याच दिवशी बाहेर जाणार होता, त्याबद्दल माझं मत बदललं नव्हतं.

टेबलामागच्या बाई गेली कित्येक वर्षं त्याच. त्यांनी गठ्ठ्यातून आमचा फॉर्म काढला. स्टॉलप्रमुखाचं नाव छापूनच आलं होतं.

"नाव तेच ना? आज तुम्हाला पाठवलं वाटतं."

"नाही," मी म्हटलं. "ते वारले. पाच महिने झाले."

बाईंनी चष्मा काढला. "मला कुणी बोललंच नाही."

"आम्ही पानावर टाकलं होतं."

"मी ते बघत नाही हो." त्या फॉर्मकडे बघत राहिल्या. "दरवर्षी सही करून माझं पेन खिशात घालून जायचे. संध्याकाळी परत आणून द्यायचे. मुलगी का तुम्ही?"

मी मान डोलावली. त्यांनी पेन पुढे सरकवलं. छापलेल्या नावावर मी एक आडवी रेघ मारली आणि वर माझं नाव लिहिलं. अक्षरं लहान काढावी लागली, जागा कमी होती.

"खुर्च्यांचा रकाना राहिला," बाई म्हणाल्या. "किती लागतील?"

मी शून्य लिहिलं, सही केली आणि पेन तिथेच परत दिलं.