येसूने आईला ओळखावे म्हणून

१९६१ सालच्या उन्हाळ्यात काशीच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य असे : ‘ती माझ्याकडे येईल ना?’

काशी म्हणजे माझी पत्नी. मुलांच्या शुश्रूषेचा अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी ती लीड्सला गेली, तेव्हा आमची मुलगी येसू साडेचार महिन्यांची होती. आता येसू अकरा महिन्यांची झाली होती. मला त्याच शहरात क्षारांवर संशोधन करण्याची जागा मिळाली होती आणि मुलीला घेऊन मी विमानाने निघणार होतो. काशीने आपल्या एका मैत्रिणीची सोबत सुचवली. ही मैत्रीण परिचारिका होती आणि तीन आठवड्यांनी त्याच मार्गाने जाणार होती. मी कळवले की सोबतीची आवश्यकता नाही. रसायनशास्त्राच्या अध्यापकाला एक बाळ चौदा तास सांभाळता येत नसेल, तर त्याने विद्यार्थ्यांच्या हाती परीक्षानळ्या देण्याचा उद्योग सोडून द्यावा, असेही एक वाक्य मी त्या पत्रात घातले होते. ते मला इतके आवडले की मी त्याची नक्कल ठेवून घेतली.

काशीचा प्रश्न मात्र मी गंभीरपणे घेतला. साडेचार महिन्यांच्या बाळाची स्मृती अकराव्या महिन्यापर्यंत टिकत नाही, हे उघड होते. ती नव्याने निर्माण करावी लागणार होती, आणि त्यासाठी माझ्याकडे काशीचे एक छायाचित्र होते. लग्नानंतर पेणच्या स्टुडिओत काढलेले : नऊवारी लुगडे, नथ, अंबाड्यावर वेणी, आणि हलू नका असे सांगितलेल्या माणसाचा चेहरा. मी एक पद्धत ठरवली. दिवसातून चार वेळा दुधाची बाटली देण्यापूर्वी छायाचित्र येसूच्या डोळ्यांसमोर आठ सेकंद धरायचे, स्पष्ट उच्चारात ‘आई’ म्हणायचे आणि लगेच बाटली द्यायची. आईचा चेहरा आणि सुख यांची सांगड बसली की काम झाले. सत्तेचाळीस दिवसांत एकशे अठ्ठ्याऐंशी प्रयोग झाले. शेवटी शेवटी छायाचित्र दिसताच येसू तोंड उघडी आणि ते चाटण्याचा प्रयत्न करी. मी हे यश मानले.

माझी आई ठमाबाई हे सारे उरणच्या आमच्या घरात, चुलीपाशी बसून पाहत असे.

“हिरामण, तिला फोटू बघून भूक लागते रं. आई न्हाय आठवत.”

“आई, याला मानसशास्त्र म्हणतात.”

“म्हनत असतील. मी भूक म्हनते.”

आमचे घराणे मिठागरवाल्यांचे. आमच्याकडे माणूस परमुलखात निघाले की आपल्या आगराचे मूठभर मीठ बरोबर नेते. परक्या मिठाने पोट बिघडते, पहिले काही दिवस तरी घरचेच खावे, अशी समजूत. आईने ती गोष्ट काढली तेव्हा मी तिला समजावले की सोडियम क्लोराइड जगात सर्वत्र एकच असते आणि ते लीड्समध्येही विकत मिळते. सामानात मिठाचा एक खडाही येणार नाही, असे मी बजावले. तिने मान हलवली. तिच्या मान हलवण्याचा अर्थ होकार असतो, असे मी का मानले, याचे उत्तर आजही माझ्याकडे नाही.

येसूच्या दुधासाठी आणि पाण्यासाठी लागणारे ग्लुकोज मी बाजारातल्या डब्यातून काढून, उकळून वाळवलेल्या काचेच्या बरणीत भरले होते. सांताक्रूझच्या विमानतळावर माझे सामान ठरलेल्या वजनाहून जास्त भरले. काय काढावे याचा मी विचार करीत असताना पिशवीच्या तळाशी मला तोच ग्लुकोजचा पत्र्याचा डबा दिसला, झाकण घट्ट लावलेला आणि भरलेला. बरणीत न मावलेले ग्लुकोज डब्यातच राहिले असणार, असा निष्कर्ष मी काढला. काच जड, पत्रा हलका. मी बरणी काढून भावाच्या, दादूच्या, हातात दिली.

आई पुढे आली. “आरं, त्या डब्यात—”

“आई, डब्यात काय आहे ते डब्यावर लिहिलेले आहे.”

तिने डब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “लिवलंय व्हय? मग ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली आणि येसूची पापी घेऊन मागे सरली.

सकाळी आठला विमान उडाले. माझ्या शेजारी साठीच्या पुढच्या एक बाई होत्या. पांढऱ्या लुगड्यातल्या, पायांशी लिंबांची पिशवी ठेवलेल्या. त्यांनी आपले नाव रिबकाबाई नवगावकर असे सांगितले. थळच्या पलीकडच्या नवगावच्या, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. लंडनला मुलाकडे निघाल्या होत्या. “तुम्ही मास्तर का?” त्यांनी विचारले. कसे ओळखले, असे मी विचारताच त्या म्हणाल्या, “विमान कसं उडतं ते तुम्ही त्या पोरीला सांगत होता.”

साडेनऊला मी दुधाची पूड आणि डब्यातले ग्लुकोज पाण्यात कालवून बाटली तयार केली. डब्यातले ग्लुकोज मला किंचित ओलसर वाटले. विमानातल्या दमट हवेमुळे असेल, असे मी ठरवले. विमानातली हवा अत्यंत कोरडी असते, हे मला ठाऊक होते. पण कारण हाताशी असताना त्याची उलटतपासणी कोण करतो? मी छायाचित्र धरले, ‘आई’ म्हटले. येसूने तोंड उघडले. मी बाटली दिली.

तिने एक घोट घेतला, माझ्याकडे अविश्वासाने पाहिले आणि तो सगळा माझ्या सदऱ्यावर परत केला. मग ती रडू लागली.

मी प्रथम कानांवरील हवेच्या दाबाचा विचार केला, आणि अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न केला. छायाचित्र, ‘आई’, बाटली, सदरा. मग उंचीमुळे चव बदलते असे गृहीत धरून नवी बाटली बनवली आणि गोडी वाढावी म्हणून डब्यातली पूड दुप्पट घातली. या वेळी ती ओरडली ते वैमानिकालाही ऐकू गेले असावे. खिडकीतले ऊन तिच्या डोळ्यांवर येते, हे माझे तिसरे अनुमान. मी पडदा ओढला. दर वेळी छायाचित्र मात्र न चुकता दाखवले, कारण प्रयोग चालू असताना पद्धत बदलायची नसते.

पाचव्या खेपेस मी छायाचित्र वर उचलले आणि बाटली अजून पिशवीत असतानाच येसू किंचाळून मागे झुकली. तिने दोन्ही हातांनी काशीचा चेहरा दूर ढकलला.

तेव्हा मला सारे समजले, म्हणजे बाटलीखेरीज सारे. सत्तेचाळीस दिवसांत जे घडवले होते ते चार घोटांत उलटले होते. काही तासांनी लंडनच्या विमानतळावर एक आई हात पुढे करून उभी असणार होती. तिला पाहून मुलगी किंचाळणार होती. आणि हे तिला मी, सोबत नाकारून, पद्धतशीरपणे शिकवले होते. शिवाय मूल उपाशी होते.

“मास्तर,” रिबकाबाई म्हणाल्या, “पोरीला तो फोटो आवडत नाही.”

“तो तिच्या आईचा आहे.”

“मग आईला सांगू नका. ती बाटली इकडे द्या.”

“ती निर्जंतुक आहे. हात लावू नका, कृपा करून.”

“हात कोण लावतंय? जीभ लावते.” त्यांनी बाटली माझ्याकडून घेतली, तळहातावर चार थेंब पाडले आणि चाटले. त्यांचा चेहरा येसूसारखाच झाला. “कुठले म्हणालात तुम्ही?”

“उरणकडचा.”

“मिठागर असेल घरचं?”

“आहे. का?”

“तरीच! अहो, तान्ह्या पोरीला आगरातलं पाणी पाजताय होय? दात येऊ द्या, मग लावा कामाला!”

“अशक्य. डब्यावर ग्लुकोज असे छापलेले आहे.”

“मग डब्यालाच पाजा.”

मी डब्यात बोट बुडवून जिभेला लावले. ते मीठ होते. एवढेच नव्हे, मागे उरणारी ती मॅग्नेशियमची सूक्ष्म कडसर चव मी लहानपणापासून ओळखत होतो. ते आमच्याच आगराचे मीठ होते, पाट्यावर बारीक वाटलेले आणि माझ्या आईने रिकाम्या डब्यात जपून भरलेले. सोडियम क्लोराइड जगात सर्वत्र एकच असते, हे माझे मत मी पस्तीस हजार फुटांवर मागे घेतले.

मी खाली पाहिले. सदऱ्यावर सांडलेले दूध वाळले होते आणि त्याच्या कडेने पांढरे, लखलखते कण जमले होते. ज्या विषयात संशोधन करण्यासाठी मला बोलावले होते, तोच विषय तीन तास माझ्या छातीवर आपले निष्कर्ष मांडीत बसला होता.

रिबकाबाईंनी हवाई सुंदरीकडून उकळलेले पाणी मागवले, बाटली तीनदा विसळली आणि नुसत्या पाण्यात दुधाची पूड कालवली. “तो फोटो आधी खिशात घाला,” त्या म्हणाल्या. येसूने बाटली पाहून तोंड मिटले. रिबकाबाईंनी तिच्याकडे न पाहता दोन थेंब तिच्या ओठांवर लावले आणि विमानाच्या छताकडे पाहत राहिल्या. थोड्या वेळाने येसूने ओठ चाटले. मग तिने बाटली ओढून घेतली आणि संपवली.

“अजून काही तास आहेत,” मी हलक्या आवाजात म्हणालो. “पुन्हा योग्य क्रमाने छायाचित्र दाखवले, तर—”

“मास्तर, आता तुम्ही झोपा. पोरीला आराम पडेल.”

मी झोपलो नाही. बैरुत सोडल्यावर, त्या डुलकी घेत आहेत असे पाहून, मी एकदाच छायाचित्राचा कोपरा खिशातून वर काढला. येसूचा ओठ थरथरला. मी ते तत्काळ आत ढकलले. निष्कर्षात संदिग्धता नव्हती.

लंडनच्या विमानतळावर रिबकाबाईंचा मुलगा त्यांना घेऊन गेला. जाताना त्यांनी येसूच्या गालाला हात लावला आणि मला म्हणाल्या, “देव करो आणि तुमचं संशोधन कुणाला प्यावं न लागो.”

कठड्यापलीकडे करड्या ओव्हरकोटातली, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई उभी होती. ती काशी आहे हे ओळखायला मला स्वतःलाच तीन-चार सेकंद लागले. नथ नव्हती, अंबाडा नव्हता, चेहरा बारीक झाला होता. येसू तिच्याकडे पाहत राहिली. रडली नाही. तिला त्या चेहऱ्यात ओळखण्यासारखे काहीच सापडले नव्हते; ना सुख, ना मीठ.

“येसू, ही बघ तुझी—” मी सुरुवात केली.

“गप्प बसा जरा,” काशी म्हणाली. तिने हात पुढे केले नाहीत. ती शेजारच्या बाकावर बसली, आणि मी येसूला घेऊन तिच्याजवळ बसलो. काशीने मुलीकडे रोखून पाहिले नाही. “काय प्यायली वाटेत?”

मी सांगितले. अपूर्ण निरीक्षण नोंदवणे ही अप्रामाणिकता आहे, म्हणून सारेच सांगितले : डबा, बरणी, पुडीचा ओलसरपणा, दुप्पट केलेले प्रमाण.

काशी क्षणात परिचारिका झाली. “पोटात किती गेलं?”

“जवळजवळ काहीच नाही. सदऱ्यात गेले.”

“लंगोट ओला झाला?”

“तीनदा.”

“मग ठीक आहे.” तिने श्वास सोडला. मग तिच्या लक्षात आले. “थांबा. आणि दर वेळी आधी माझा फोटो दाखवलात?”

“हो.”

“दर वेळी?”

“पद्धत बदलायची नसते,” मी म्हणालो.

काशी हसू लागली. प्रथम ओठ दाबून, मग मोठ्याने, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुढे वाकून, बाकाच्या कडेला धरून. जवळचे लोक वळून पाहू लागले. येसू आधी चकित झाली. मग तिने त्या हसणाऱ्या अनोळखी बाईकडे मान कलती करून पाहिले, आणि तिलाही हसू फुटले. ती माझ्या मांडीवरून पुढे झुकली आणि तिने काशीच्या हनुवटीखालची रुमालाची गाठ मुठीत धरली.

काशीचे हसणे थांबले. ती हलली नाही. येसूने गाठ ओढली, दुसरा हात तिच्या खांद्यावर टाकला आणि आपले सगळे वजन तिकडे दिले. मला हात सैल करावे लागले.

येसूने तिला ओळखले असे मी म्हणणार नाही. तसा कोणताही पुरावा नाही. ती गेली, एवढेच.

काशीने तिच्या केसांत तोंड खुपसले होते. मी येसूच्या सवयींविषयी दोन महत्त्वाच्या सूचना द्यायला तोंड उघडले.

“तुम्ही जरा तिकडे जा,” काशी मान वर न करता म्हणाली. “सामान बघा.”

मी सामानापाशी जाऊन उभा राहिलो. ते कुठेही जात नव्हते.