लालासाहेबाचा कावळा

दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना, म्हंजे मेलेल्याच्या मनात कायतरी राह्यलंय. माज्या दोस्ताच्या, लालासाहेबाच्या मनात काय राह्यलंय ते एकट्या मलाच ठावं व्हतं. म्हणून मी समद्यांच्या मागं हुबा.

मेढ्यात, वेण्णा नदीच्या काठावर पिंड मांडून तास झाला. पुतण्या जयराज हात जोडून बसलेला. झाडावर धा-बारा कावळं, पर एक खाली यीना. "काकीला सांभाळतो." "वरची शेताची पट्टी इकत न्हाई." समदी वचनं दिऊन झाली.

माज्या हातात फोन. फोनात लालाचा ल्योक शिवतेज, पार वर बर्फातल्या चौकीत. रजा मिळाली, पर रस्ता बंद.

"कोंडीबाकाका," त्यो हळूच म्हणला, "आबा माज्यावर राग धरून गेलं का वो? म्या सर्विस वाढवून घेतली, तवापास्नं फोन लावला की मिनटात कट करायचं."



त्याचं असं झालं. दोन म्हैन्यामागं लालाच्या लेकीनं, संयोगितानं, सांगलीस्नं त्याला मोठा फोन धाडला. शिकवाय मी. हिरवं दाब, क्यामेऱ्याचं चित्र दाब, कानाला लावू नगं, तोंडाम्होरं धर. पयल्या दिवशी गड्यानं पोराला दहा मिनटं नुसता कान दावला. आन मला तर कुणाला सरळ कायतरी सांगितलं की जेवान जात न्हाई.

म्हणलं, "लाला, एक ध्यानात ठेव. ह्यात चेहरा वाऱ्यातनं येतो. मिनटाच्या वर बोललास तर पलीकडच्याचा झिजतो."

"झिजतो म्हंजे?"

"गालफाडं बसत्यात. लयच बोललास तर माणूस उरायचा न्हाई."

"मग फोनवाल्यांनी खोक्यावर लिवाय पायजे रं."

चार दिवस पारावर, लालाचं नाव न घेता, ही गंमत सांगून मी हशा घेतला. मग खरं सांगणारच व्हतो. पर तिकडं शिवतेज थंडीनं खरंच वाळत चालला. लाला मला फोनातला फोटू दावायचा. "बघ कोंड्या, गाल बसलं. काल पाच शेकंद जादा झालं माजं." मग माजं धाडस हुईना. शेवटच्या दिवशी हातरुणात त्यानं पोराला डोळं भरून बघितलं, कायतरी बोलाय तोंड उघडलं आन घड्याळाकडं बघून फोन कट केला.

हे समदं मी काठावर, भावकीम्होरं, फोनात तोंड घालून सांगितलं. कोण हासलं न्हाई.

"काका, फोन खाली ठेवा," शिवतेज म्हणला.

पिंडाशेजारी दगडाला टेकवून ठेवला. तसा एक कावळा उतरला. भाताकडं बघितलंबी न्हाई. सरळ फोनाम्होरं आला, मान वाकडी केली आन एक डोळा काचंला लावला.

"आबा," शिवतेज म्हणला, "हितं जेवान जात न्हाई, थंडी लय हाय, म्हणून वाळलोय. दुसरं काय न्हाई."

कावळा हालला न्हाई.

मग पोरगं बोलतच सुटलं. चौकीचं, बर्फाचं, आईचं, सर्विस का वाढवली त्याचं. मधी एकदा थांबला, तर कावळ्यानं चोच काचंवर टकटक केली. पुन्ना बोलाय लागला. बोलून संपलं तवा कावळा उडी मारून पिंडावर गेला, चार शितं उचलली आन नदीपल्याड गेला.

मंडळी आंघुळीला उठली. शालूवैनीनं, लालाच्या बायकूनं, फोन उचलून पदरानं पुसला. माज्याकडं न बघताच म्हणली, "भावजी, म्या इचारलं व्हतं त्यास्नी, कोंडीबाभावजींचं कशाला खरं धरता म्हणून. ते म्हणलं, आक्ख्या गावाशी खोटं बोलंल, माज्याशी न्हाई बोलायचा."