बारावा बार

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी नळी आहे. पाण्याची नव्हे आणि धुराड्याचीही नव्हे. उत्सवात आभाळात जे गोळे फुटतात, ते ज्या पोटातून वर जातात, ते पोट म्हणजे मी. माझा तळ बंद आहे, तोंड उघडे आहे आणि उंची साधारण तुमच्या छातीइतकी आहे. माझ्या तोंडाच्या कडेवर काळा डाग आहे. तो घासून जात नाही.

गोदीत एक बोट मोडीत निघाली, तेव्हा तिच्यातल्या नळाचा तुकडा चेन्सू नावाच्या वेल्डरने मागून घेतला आणि खांद्यावरून गावी आणला. चेन्सू दिवसा गोदीत राबायचा आणि सुटी मिळाली की धाकटा भाऊ विस्तिन याच्याबरोबर कड्यावरच्या शेतात शोभेची दारू बनवायचा. आमच्या माल्टा बेटावर हे असेच चालते. संताच्या सणाचे गोळे गावची माणसे स्वतःच बांधतात आणि त्यातच आपली इभ्रत मानतात. चेन्सूने मला तळ जोडला. विस्तिनने बोटाच्या पेराने मला टकटक केले आणि कान लावला.

"दादा, ही गाते रे!"

"गाऊ दे. फुटली नाही म्हणजे झालं," चेन्सू म्हणाला.

शेताच्या कडेला, समुद्राकडे तोंड करून, अकरा नळ्या आधीच अर्ध्या पुरलेल्या होत्या. मी बारावी. सणाच्या दिवशी दुपारी बाराला देवळाची घंटा थांबली की आम्ही एकामागून एक बारा बार काढायचो. शेवटचा गोळा विस्तिन स्वतः बांधायचा आणि माझ्यातूनच उडवायचा. गोळ्याचे कागदी कवच त्याची बायको जीझा घरी करायची. कागदावर कागद, मध्ये खळ आणि वरून सुतळी. ती सुतळी अशी आवळायची की गोळ्यावर नख रुतत नसे. "माझ्या बायकोने बांधलेलं काही सुटत नाही, मीसुद्धा!" असे विस्तिन सगळ्यांना सांगत फिरायचा.

ते माझे सुखाचे दिवस होते. ऑस्ट्रेलियात गेलेली गावची माणसे सणासाठी मुलाबाळांना घेऊन परत यायची आणि बारावा बार फुटला की रडायची. मग परदेशी पाहुणे येऊ लागले. आधी दोन-चार, मग बसच्या बस भरून. हॉटेलांच्या भिंतींवर आमच्या सणाचे फलक लागले. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. मला अभिमान वाटायचा, खोटे कशाला बोलू?

एका वर्षी उत्सवमंडळाचा चिटणीस पावल शेतात आला. कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "शेजारच्या गावानं गेल्या साली वीस काढले. पाहुणे तिकडे वळायला लागलेत. आपण यंदा चोवीस काढू."

"बारा म्हणजे बारा," चेन्सू म्हणाला. "दारू घाईची नसते."

"अरे, पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, कान धुऊन या."

विस्तिन हसला, पण त्याच्या डोळ्यांत चोवीस बार फुटत होते. मला ते दिसले. पावल गेल्यावर तो म्हणाला, "दादा, मी एकटा करीन जास्तीचे. तुला हात लावावा लागणार नाही."

"मग मला विचारतोस कशाला? कर की! मोठा झालास ना तू!"

त्या दिवसापासून दोघे भाऊ बोलेनासे झाले. एकाच शेतात यायचे, एकाच विहिरीचे पाणी प्यायचे, पण एकमेकांकडे पाठ करून. असे तीन आठवडे गेले.

जून महिन्यातली ती सकाळ होती. उन्हाने दगडी बांध तापले होते. चेन्सू पाव आणायला गावात गेला होता. विस्तिन शेतातल्या दारू भरायच्या दगडी खोलीत एकटाच जास्तीचे गोळे भरत होता. मित्रांनो, माझे सगळे आयुष्य आवाजात गेले आहे, पण तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. खोलीचे दगड माझ्या अंगावरून उडत समुद्रात पडले. मग खूप वेळ कागदाचे कपटे खाली येत राहिले. जीझाने चिकटवलेला कागद होता तो. मी ओळखला.

चेन्सू धावत आला. त्याच्या हातात पाव तसाच होता. भिंतीचा जो तुकडा उरला होता त्यासमोर उभा राहून तो मोठ्याने म्हणाला, "विस्तिन, बोल. मी बोलतोय ना आता. तूही बोल."

सण दोन महिन्यांवर होता. गावात कुजबुज सुरू झाली, यंदा सण करायचा की नाही? चेन्सू म्हणाला, मी बत्तीला हात लावणार नाही. तेव्हा काळे कपडे घातलेली जीझा त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"भावोजी, तो गेला म्हणून संतानं घरात बसायचं का? वाजवा."

तयार गोळे दूरच्या खोलीत होते, म्हणून वाचले होते. चेन्सूने मोजले. अकरा भरले. बारावा विस्तिन शेवटी बांधणार होता, तो बांधायचाच राहून गेला होता.

सणाच्या दिवशी घंटा थांबली. एकेक करून अकरा बार झाले. मी रिकामी होते. माझ्या पोटात दारूचा कण नव्हता, हे मी शपथेवर सांगते. चेन्सूने बत्ती विझवली आणि टोपी काढली. आणि तेवढ्यात समुद्रावर बारावा बार फुटला.

सगळ्यांनी वर पाहिले. आभाळात धूर नव्हता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण त्यांना काही ठाऊकच नव्हते. गावकऱ्यांनी मात्र छातीवर क्रूसाची खूण केली. चेन्सू माझ्याजवळ आला आणि माझ्या कडेवर हात ठेवताच त्याने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. माझी कड तापली होती. तो काळा डाग तेव्हाचा आहे.

शाळेचे मास्तर म्हणाले, समोरच्या खडकावर आपटून आवाज परत येतो. "मग आधीच्या अकरांचा का नाही आला?" चेन्सूने विचारले.

पुढे दरवर्षी तेच होऊ लागले. चेन्सू अकराच गोळे करायचा. मला रिकामी ठेवायचा. मी थंड लोखंड म्हणून उभी असायचे, मग माझ्या आतून कोणीतरी वर जायचे आणि समुद्रावर बार फुटायचा. जीझा सज्जात उभी राहून बोटांवर मोजायची. बारावा ऐकला की आत जाऊन दोन ताटे वाढायची. वर्षातून त्या एकाच दिवशी.

मला भीती वाटायची का? हो, वाटायची. पण भीतीपेक्षा वाईट असे काहीतरी वाटायचे. विस्तिन उडायचा तो आनंदाने नाही. दर वेळी मला पोटात त्याची धाप लागलेली कळायची. घाईत काम उरकणाऱ्या माणसाची धाप.

अशी गोष्ट लपून राहते थोडीच? दोन-तीन वर्षांत ती हॉटेलांपर्यंत पोचली आणि पावलने नवे फलक छापले : 'मृताचा बार ऐका. वर्षातून एकदा.' बस दुपटीने वाढल्या. पाहुणे कड्यावर छत्र्या उघडून बसू लागले. चेन्सूने एक फलक फाडला, पण पावलने दुसरा लावला.

"गावाचं भलं होतंय, चेन्सू."

"माझ्या भावाचा खेळ मांडलायस तू, पावल."

आणि मग एका वर्षी बारावा बार झालाच नाही. जमिनीकडून समुद्राकडे जोराचा वारा सुटला होता. अकरा बार झाले, लोक थांबले, घड्याळे पाहू लागले. "फसवलं," असे कोणीतरी म्हणाले. सगळे उठून गेले तरी जीझा सज्जातच होती. संध्याकाळी मिरवणूक तिच्या दारावरून गेली, बँड वाजला, रंगीत कागद उडाले, तरी तिने समुद्राकडची नजर काढली नाही.

पुढच्या सणाला पावलने धोका पत्करला नाही. त्याने कड्यामागे एक माणूस आणि एक गोळा लपवून ठेवला. अकरानंतर ठरल्याप्रमाणे बार झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी गार होते. चेन्सूने माझ्या कडेवर हात ठेवला आणि त्याला सारे कळले.

दुसऱ्या दिवशी जीझा पावलकडे गेली नाही, की देवळातही गेली नाही. ती सरळ शेतात आली. त्या जूनपासून तिने तिथे पाऊल ठेवले नव्हते. चेन्सू मला तेल लावत होता.

"भावोजी, काल कोणी उडवला?"

चेन्सूने मान खाली घातली. "तुला कसं कळलं?"

"सुतळी ढिली होती. पसरट आवाज आला. मी आयुष्यभर त्याच बांधल्यात ना? तो माझ्या नवऱ्याचा नव्हता."

मग ती बांधावर बसली. म्हणाली, "आपण त्याला राबवतोय, भावोजी. दर वर्षी बोलावतो, एक जागा रिकामी ठेवून. मी ताट वाढते, तुम्ही नळी मोकळी सोडता आणि पावल फलक लावतो. त्यानं यायचं तरी किती वेळा? माणसाला जाऊही द्यावं लागतं."

"तीन आठवडे मी त्याच्याशी बोललो नाही, जीझा."

"ठाऊक आहे मला. तो घरी येऊन रोज तुमच्याशी भांडायचा आणि रोज तुमची माफी मागायचा. तुम्हीच तेवढे समोर नसायचात."

चेन्सू लहान मुलासारखा रडला. मग दोघांनी पावावर टोमॅटो चोळून, तेल सोडून खाल्ले.

त्या हिवाळ्यात जीझाने पुन्हा कागद कापला आणि खळ शिजवली. कवच तिचे, दारू चेन्सूची. घाई अजिबात नाही. एका गोळ्याला चार महिने लागले. सणाच्या दिवशी दुपारी ती काळ्या कपड्यांतच शेतात आली. गोळा छातीशी धरला होता. पावल आडवा आला. "वहिनी, हे काय? माणसं कशाला आलीत, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. त्यांना म्हणावं, आज जिवंत माणसांचा बार ऐका."

अकरा बार झाले. चेन्सूने गोळा माझ्यात उतरवला. कितीतरी वर्षांनी माझ्या पोटात वजन आले. जीझाने बत्ती लावली. मी सगळा जोर लावला. गोळा वर गेला, फुटला आणि निळ्या आभाळात पांढरा धूर पसरला.

मग सगळे थांबले. पाहुणे, बँडवाले, पावल, सारे गाव. तेरावा येतो का, म्हणून मीही ऐकत होते. समुद्र नुसता हलत होता. जीझा ओठांतल्या ओठांत म्हणाली, "बरं झालं. जा."

त्यानंतर कधीच काही आले नाही. त्या बाराने माझा जोड उकलला, म्हणून मला शेतातून काढून उत्सवमंडळाच्या इमारतीत, दाराशी उभे केले. माझ्या पोटात आता कोणी नाही. सांगायला लाज वाटते, पण कधीकधी मला ती धाप आठवते आणि एकटे वाटते.

मित्रांनो, पाहुणे अजूनही येतात. उकाड्याने दमलेले असतात. हातातला शीतपेयाचा रिकामा डबा कुठे टाकावा हे कळत नाही, म्हणून माझ्या तोंडात टाकतात. तुम्ही कधी आलात तर तसे करू नका. हवे तर हात ठेवा, टकटक करून पाहा. पण कचरा टाकू नका. या तोंडातून एक माणूस घरी जायला निघाला होता.