गुरुजींनी लावलेली तारीख

सोनाजी गुरुजींनी जेवढी लेकरं शाळेत घातली, त्यातल्या निम्म्यांचा वाढदिवस एक जूनला येतो. त्या दिवशी मुलखातल्या सगळ्या बाया एकदमच बाळंत झाल्या, असं नव्हे. आईबापाला तारीख ठाऊक नसायची. गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे, हात पोचला की सहा वर्षं पुरी धरायचे आणि शाळेला सोयीची तारीख लिहून टाकायचे. वर हसून सांगायचे, "देवानं जन्माला घालायचं, तारीख आमी लावायची."

मिनाला तो कान धरता आला नव्हता. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला असलेल्या तांड्यावरची ती पोर. आई चंदाबाईनं तर साफ सांगितलं होतं, "गुरुजी, पोळ्याच्या करीला झाली. अजून पाच पुरे न्हाईत." पण त्या साली शाळेचा पट घसरलेला. आणखी एक नाव कमी झालं की गुरुजींची बदली ठरलेली, आणि जवळा बाजार गावात त्यांनी नुकतंच घर बांधलेलं. त्यांनी मिनाला सव्वा वर्षानं मोठी करून पहिलीत बसवलं.

तशी गुरुजींची पोरीवर माया होती, हे खोटं नाही. दहावीनंतर मिना दोन वर्षं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. गुरुजी तांड्यावर खेटे घालत राहिले आणि शेवटी त्यांनी तिला परत आणून अकरावीत घातलं. खेळाचं वेड त्यांना पहिल्यापासूनचं. एकदा सहज त्यांनी तिच्या हातात भाला दिला. उसाच्या मोळ्या ट्रकमध्ये चढवून तयार झालेला खांदा तो! भाला मैदान ओलांडून शेजारच्या सोयाबीनमध्ये जाऊन पडला, आणि शेतमालक शिव्या देत आला तरी गुरुजी टाळ्याच वाजवत होते.

त्यांनीच नांदेडच्या एका कॉलेजातल्या खेळाच्या सरांना, विजयकुमारांना, बोलावून आणलं. सरांनी चार फेकी पाहिल्या. म्हणाले, "बारावीच्या वर्षात राज्य पातळीचं सर्टिफिकेट आण. खेळाडूंच्या कोट्यातली सीट तुझी. फी, होस्टेल, जेवण, कशाची काळजी न्हाई."

सीट मिळाली नाही तर पुढं काय, हे तांड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. उसाच्या फडात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोरगी हाताशी आली की तिचं लग्न लावून नवा कोयता उभा करायचा, ही तिथली रीत.

बारावीत मिना जिल्ह्यात पहिली आली. विभागाच्या स्पर्धेआधी कागद तपासले आणि घोडं तिथंच अडलं. एकोणीस वर्षांखालची स्पर्धा. खऱ्या वयानं ती बसत होती, गुरुजींच्या तारखेनं बाहेर जात होती.

विजयकुमारांचा फोन आला. "गुरुजी, तुमी लेखी द्या, की पट भरायला मीच वय वाढवलं. मागल्या साली एका पोरीची तारीख मी अशीच दुरुस्त करून आणली. पंधरा दिवस हातात हायेत."

गुरुजींनी त्याच दिवशी अर्ज लिहिला. खोटं कशाला, लिहिताना त्यांना मोकळं वाटलं. पण बायकोनं, गोजरबाईंनी, तो वाचला. "चार महिन्यांनी रिटायर होऊन राहिले तुमी. आता सोताच्या हातानं गुन्हा लिवून द्यायलात? पेन्शन अडकली म्हंजे?"

गुरुजींनी कच खाल्ली. उद्या देऊ म्हणून अर्ज कपाटात ठेवला. उद्याचा परवा झाला. मिना विचारायला आली तेव्हा ते म्हणाले, "कागद वर पाठवलाय, बाई." पंधरा दिवस सरल्यावर म्हणाले, "वरून न्हाई म्हणले."

निरोप समारंभात गावानं गुरुजींना शाल-श्रीफळ दिलं. पेन्शन सुरळीत सुरू झाली. मिनाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

दिवाळीच्या तोंडावर जवळ्याच्या बाजारात ती त्यांना भेटली. नवरा लोहाराकडे कोयत्याला धार लावून घेत होता. मिना गुरुजींच्या पाया पडली आणि जरा घुटमळली.

"गुरुजी, एक इचारू? तुमी लिवून दिलं, ते सायबानं वाचलं तरी होतं का?"

खरं सांगायची ती शेवटची वेळ होती. गुरुजींना ते कळतही होतं.

"वाचलं, बाई. पण नियमात बसत न्हाई म्हणले."

"मंग बरं हाय," मिना म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखरच निवळला. "मला वाटून राहिलं होतं, कोणीतरी मनावर घेतलं असतं तर झालं असतं. लई जळायचं आत. नियमच तसा म्हणल्यावर कोणावर राग धरायचा? तुमी तर माझ्यापायी बराबर समदं केलं."

तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर गुरुजींनी त्या सुखानं खाल्ल्या असत्या. तिकडून नवऱ्यानं हाक मारली. जाता जाता मिना पुन्हा वाकली, आणि गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.