सुनावणीत वाजलेलं भाडं

या, असे जवळ सरकून बसा. एका गाडीवालीची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण ऐकून मन भरेल.

ॲपवर गाडी चालवणाऱ्या तिला सगळे चालक ताई म्हणत. भाडं पोचवताना तिच्या दिराचा पाय मोडला, तेव्हा ॲपच्या कंपनीने हात वर केले: हा आमचा नोकरच नाही! त्यावरून चालकांना कामगार कायद्याचं संरक्षण हवं की नको, याची सुनावणी लागली. चालकांकडून बोलणार कोण म्हटल्यावर भलेभले मिशीवाले आपापल्या बुटांकडे बघू लागले. "बघा नीट, बूट पळून जातील," असं म्हणून ताई स्वतःच निघाली.

भर दुपार. लांबलचक टेबल, कुरकुरणारा पंखा. कंपनीचे वकील साखर पेरत होते. "साहेब, यांच्या डोक्यावर कुणी नाही. मर्जी असेल तर काम, नसेल तर आराम. राजे आहेत राजे."

ताई उठली. "साहेब, माझा दीर..."

तेवढ्यात हातातला फोन वाजला आणि सवयीच्या अंगठ्याने भाडं घेऊनही टाकलं. गडबडीत ॲप बंद करायचंच राहिलं होतं.

"नाकारा की," सुनावणी घेणारे अधिकारी म्हणाले.

"इथे वेळेवर पोचायला सकाळपासून लांबची दोन नाकारलीत, साहेब. तिसरं नाकारलं की आठवडाभर काम बंद."

"बंद कोण करतं?"

"ते वकीलसाहेबांना विचारा. राजाला घरी कोण बसवतं, मलाही ऐकायचंय."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. वकील चष्मा पुसत बसले.

ताईने आधी प्रवाशाला फोन लावला. "आजोबा, मला यायला जमत नाही. दुसरी गाडी बोलवा, उन्हात उभे राहू नका." मग मनात देवाचं नाव घेतलं आणि भाडं नाकारलं. पडद्यावर आठवडाभराची बंदी उमटली. तिने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"हं. तर माझा दीर..."

आवाज जरासुद्धा कापला नाही. अधिकाऱ्यांनी मिटलेली वही उघडली आणि ताईच्या बाजूची पहिली ओळ लिहिली: चालकाला काम नाकारण्याची मुभा नाही.

निकाल लागेल तेव्हा लागेल. तुम्ही मात्र रात्री देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांच्या नावांत त्या ताईचीही आठवण असू द्या.